विषयाला सोडून

८ डिसेंबर, सोमवार

पतपेढीने दिलेली गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडली होती. वार खोडून वापरते आहे. स्टाफरूममध्ये काही बोललं की ते चहा थंड व्हायच्या आत प्राचार्य उमेश सरांच्या केबिनमध्ये पोचतं. म्हणून यापुढे चिडायचं ते इथं.

जव्हारला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बोर्डाशिवाय दुसऱ्या परीक्षेचं नाव कुणी काढलं नव्हतं. यंदा दोघांनी काढलं. एक इथल्या जव्हारजवळच्या वांगणीची प्रगती, दुसरा मोखाड्याकडचा मुकेश. दोघांनी दोन परीक्षांचे अर्ज भरलेत. पहिली सीयूईटी, केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची, मे महिन्यात. दुसरी दक्षिणेतल्या एका खासगी विद्यापीठाची. तिथं निवड झाली तर फी, राहणं, जेवण सगळं माफ. प्रगतीचं सगळं या दुसरीवर अडकलंय. तिथं नाही झालं तर तिचा बाप तिला पुढच्या हंगामात भिवंडीकडच्या वीटभट्टीवर सोबत नेणार. तो वाईट माणूस नाही, पण बारावीनंतर वसतिगृह सुटलं की पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं, असं त्याचं म्हणणं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोघांसाठी तक्ता केला. डावीकडे सीयूईटीचं इंग्रजी: पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, चार पर्याय, बरोबरला पाच, चुकीला एक वजा. उतारे, समानार्थी शब्द, वाक्यांचा क्रम. स्वच्छ काम. उजवीकडे त्या विद्यापीठाचं: वाचनाचा भाग केंद्रावर जाऊन द्यायचा, आणि लेखनाचा घरून, तीनशे शब्द, ऑनलाइन पाठवायचे. अभ्यासक्रम? नाही. नमुना उत्तर? नाही. गुण कशाला? तर म्हणे 'विचार आणि स्वतःचा आवाज'. आवाजाला गुण देणारे हे कोण टिकोजीराव. उजवा रकाना अर्धा रिकामाच राहिला.

११ डिसेंबर, गुरुवार

सरावाला विषय दिला: 'कुणाच्या नजरेत न येणारं एक काम'. मुकेशने सफाई कामगार घेतला, बोर्डाच्या गाइडातला. ठीक. प्रगतीने काय लिहावं? त्यांच्या गावच्या बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. जड मुखवट्यातून नीट दिसत नाही, म्हणून सोंगाच्या कमरेचा शेला मागून एक माणूस धरून चालतो. तो तिचा बाप, फागू. लोक सोंगाला हात जोडतात, शेला धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. बस, एवढंच. सुरुवात नाही, समारोप नाही, एक सुविचार नाही. क्रियापदं रस्त्यावरच्या गुरांसारखी कुठंही उभी.

पानभर तांबडी रेघ मारली. मी इंग्रजीची शिक्षिका, पण राग आला की शेरा मराठीतच उतरतो. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विषयाला सोडून', आणि खाली दोन रेघा.

"मॅडम, ह्यात चुकलं काय?" तिने विचारलं.

"चुकलं असं नाही. पण असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिहितात?"

याला काय उत्तर देणार? असं म्हणजे असं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज डावा रकाना. पर्यायी प्रश्नांत मुकेश चपळ. वाचतो, दोन पर्याय उडवतो, उरलेल्यातला एक ठोकतो. पंचवीसपैकी एकोणीस.

प्रगतीचे अकरा. अकरा का, तर बाई प्रत्येक पर्यायाशी वाद घालत बसते. "मॅडम, लेखकाला 'ब' पण म्हणायचं असेल ना?" अगं असेल, पण उत्तरतालिकेत 'क' आहे. "पण तो उदास पण आहे अन् चिडलेला पण आहे." असेल बाई. तुला एकालाच टिंब द्यायचंय. पालथ्या घड्यावर पाणी. मुकेश हसत होता, तर त्यालाही रागावले.

घरी येऊन तो उतारा परत वाचला. लेखक उदासही वाटतो, हे खरं. पण मला परीक्षा द्यायची नाहीये.

३ जानेवारी, शनिवार

विद्यापीठाचा लेखनाचा विषय आला. जवळपास आपला सरावाचाच! 'तुमच्या भागातलं एक काम, जे होतं पण दिसत नाही.' दहा तारखेपर्यंत पाठवायचं. मला उगाचच आनंद झाला, जणू पेपर मीच फोडलाय.

दोघांनी कच्चं लिहून आणलं. मुकेशचं सफाई कामगार, प्रगतीचं पुन्हा तेच सोंग आणि शेला. मी वही मिटून तिच्या हातात दिली. म्हटलं, बस, मी लिहून देते.

दुपारभर बसून लिहिलं. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाया. सुरुवातीला सुविचार, मध्ये पहाटेचं वर्णन, हंड्यांचा आवाज, शेवटी स्त्रीशक्तीवर दोन ओळी. शेवटचं वाक्य वाचून माझेच डोळे भरून आले. एम.ए.ला मुंबईला गेले असते तर कुठल्या कुठे असते, असं घरात सगळे म्हणायचे. जायला कुणी दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दोघांना तेच दिलं. प्रगतीच्यात 'आई', मुकेशच्यात 'बहीण', आणि एका ठिकाणी डोंगराची नदी केली. आमच्याकडे असंच चालतं. मी फळ्यावर लिहिते, चाळीस वह्यांत उतरतं, बोर्डात चाळीस पेपरांत तेच जातं, चाळीसही पास होतात. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

"मॅडम, आमच्या पाड्यात दोन वर्षांपासून नळ आहे," प्रगती म्हणाली.

"लिहायला काय जातं?"

तिने वही उघडून उतरवायला घेतलं. शहाणी झाली म्हणायची.

९ जानेवारी, शुक्रवार

तुषारच्या सायबर कॅफेत तीन तास. प्रगतीच्या अर्जाचा ओटीपी फागूच्या फोनवर, फागू भट्टीवर, आणि फोन चार्जिंगला मुकादमाच्या खोलीत. दोनदा मुदत संपली. तिसऱ्यांदा मुकादमानेच आकडे वाचून दाखवले. अर्ज गेले एकदाचे. डोकं ठणकतंय. शिरपामाळला सहलीला आलेल्या पोरांनी बसस्टँडवर गाण्यांचा दंगा चालवला होता, त्यांच्यावरही ओरडले.

१७ मार्च, मंगळवार

मधले दोन महिने लिहिलं नाही. जानेवारीअखेर नाशिकला वाचनाचा भाग झाला, मग बोर्ड. दोघांना सोपं गेलं.

आज ईमेल आला. दोघंही वाचनात पात्र. प्रगतीला तिथं मुकेशपेक्षा चार गुण जास्त, याचं मला अजून नवल वाटतंय. पण पुढे लिहिलंय की दोघांचं लेखन जवळजवळ शब्दशः सारखं आहे. हे कसं झालं ते सत्तावीस तारखेपर्यंत लेखी कळवा, नाहीतर दोन्ही अर्ज रद्द.

मी ते चारदा वाचलं. नदी केली होती ना मी डोंगराची!

१८ मार्च, बुधवार

कॉलेज सुटल्यावर मुकेश थांबला. खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मी लिहून देतो. प्रगतीचं बघून मारलं म्हणून. तिचा अर्ज राहील. मला सीयूईटी बरी जाते, मी तिकडून करीन."

मी म्हटलं, "विचार करू."

नाही म्हणाले नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण घरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की नाही म्हणाले.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढीला हार घातला, गोड केलं, ते ताटात तसंच राहिलं.

उमेश सरांचा शुभेच्छांचा फोन. त्यांना सगळं कळलेलं. "पोरगा स्वतःहून म्हणतोय ना? मग झालं. तुमचं नाव नको, कॉलेजचं नको. तुमची निवड श्रेणीची पगारवाढ अजून व्हायची आहे, लक्षात ठेवा." सर चुकीचं काही बोलत नाहीत, हीच त्यांची खोड.

आणि खरंच, मी काय गुन्हा केला? मदत केली. वर्षानुवर्षं हेच केलं आणि त्याला सगळे चांगलं शिकवणं म्हणत आले. परीक्षा बदलली तर ते मला आधी सांगायला नको? सांगितलं होतं म्हणा. 'स्वतःचा आवाज'. मीच रकाना रिकामा ठेवला.

२० मार्च, शुक्रवार

प्रगती आली. मुकेशने तिला सांगितलेलं.

"मॅडम, तो खोटं लिहितोय. त्यानं माझं बघितलंच नाही."

"मग तू काय लिहिणार आहेस?"

"झालं ते. आम्हाला तुम्ही दिलं, आम्ही उतरवलं. आमचंपण चुकलं, आम्ही नाही म्हटलं नाही."

आवाज चढलेला नाही, डोळ्यांत पाणी नाही. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. मला इतका राग आला. म्हटलं, तुझ्यासाठी मी माझी दुपार घातली, तुषारकडे तीन तास बसले, आणि तू माझं नाव घेणार? ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तर नाही घेणार. पण मग मी पण नाही पाठवणार."

म्हणजे माझ्या सांगण्यावर तिचं भट्टीला जाणं ठरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२३ मार्च, सोमवार

बाजाराचा दिवस. फागू गाठ पडला. भट्टीवरून आठवडाभराची सुट्टी घेऊन आलाय. मला वाटलं, भांडायला आला. पण त्याला काहीच माहीत नव्हतं. एप्रिलात गावचा बोहाडा, त्याचं आमंत्रण द्यायला आलेला.

"म्याडम, तुमी याचंच. माझ्याकडं त्राटिकेचं सोंग हाय. म्हंजे नाचतो दुसरा, मी मागून शेला धरतो."

विचारायचं म्हणून विचारलं, त्यात अवघड काय असतं?

तो भाजीची पिशवी खाली ठेवून रीतसर सांगायलाच लागला. "वढाचा नाय, म्याडम. वढला तं सोंग पडतं. सोडाचा बी नाय. त्यानं नाचाचं त्याच्या पायानं, आपुन नुसतं हात लावून ऱ्हायाचं. नवा मानूस हाय ना, त्यो हमखास वढतो. त्याला वाटतं आपुनच नाचतोय."

मला उशीर होत होता, कांदे घ्यायचे राहिले होते. जमलं तर येते म्हटलं आणि निघाले. असल्या मनःस्थितीत माणसाला सोंगांची गोष्ट ऐकवतात का कुणी?

२४ मार्च, मंगळवार

ठरवलं. पत्र मीच लिहायचं. हे ठरवायला सहा दिवस लागले, आणि लिहायला किती लागतील देव जाणे.

पाच कागद फाडले. प्रत्येकाची सुरुवात 'सविनय सादर' थाटाची. दुसऱ्या ओळीत मी एकोणीस वर्षं सेवा केलेली, तिसऱ्या ओळीत आमचा भाग दुर्गम, चौथ्या ओळीत नेटवर्क नाही. आठव्या ओळीपर्यंत मी काय केलं ते येतच नाही. मुलांना अर्जाचे, तक्रारीचे, आभाराचे सगळे नमुने पाठ करून घेतले. आपण केलेलं सांगायचं, याचा नमुना माझ्याकडे नाही.

चार पर्याय दिले असते तर चुटकीसरशी टिंब दिलं असतं. 'अ' विद्यार्थ्याने बघून लिहिलं, 'ब' गैरसमज झाला, 'क' शिक्षिकेने लिहून दिलं, 'ड' यांपैकी नाही. लगेच 'क'. पण तेच वाक्य स्वतः लिहायचं म्हटलं की हात उचलत नाही. तक्त्यात हा फरक लिहायचा राहून गेला होता.

२५ मार्च, बुधवार

सहावा कागद झाला. दीड पान. हा कुणाला तरी दाखवायला हवा, आणि इथं इंग्रजी वाचणारं दुसरं आहे कोण? उमेश सरांना दाखवता येत नाही. शेवटी प्रगतीलाच बोलावलं.

तिने उभ्या उभ्या वाचलं. मग बसून परत वाचलं. पेन्सिल हातात घेतली, खाली ठेवली.

"बोल की."

"मॅडम, रागवाल."

"नेहमी रागावतेच. बोल."

तिने पहिल्या परिच्छेदाखाली फिकट रेघ ओढली. सेवेची वर्षं, आदर्श शिक्षक पुरस्कार, दुर्गम भाग, सगळा परिच्छेद. इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं, "हे विषयाला सोडून आहे."

कान तापले. एवढीशी पोर. पण रेघेखालचं वाचून पाहिलं तर खरोखर पत्र तिथूनच सुरू होत होतं. मग मीच आणखी खोडत गेले. उरलं ते एवढं: दोन्ही निबंध मी लिहिले. विद्यार्थ्यांनी माझ्या सांगण्यावरून पाठवले. प्रगतीने स्वतःचा विषय आणला होता, तो मी दोनदा नाकारला. मुकेशने कुणाचंही बघून लिहिलेलं नाही. शक्य असेल तर त्यांना माझ्याशिवाय लिहायची संधी द्यावी.

पाच वाक्यं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कमी शब्दांचं इंग्रजी. दोघांनी आपापली दोन-दोन ओळींची पत्रं लिहिली. ती मी वाचली नाहीत. वाचायची फार इच्छा होती.

२६ मार्च, गुरुवार

तुषारकडून तिन्ही पत्रं गेली. उमेश सरांना स्वतः जाऊन सांगितलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "निवड श्रेणीचं माझ्या हातात नाही आता." हातात पूर्वीही नव्हतं, हे मी मनात म्हटलं.

९ एप्रिल, गुरुवार

उत्तर आलं. अठराला नाशिकच्या केंद्रावर दोघांनी देखरेखीत पुन्हा लिहायचं. चाळीस मिनिटं. वाचनाचे गुण कायम. मला उद्देशून एक ओळ, पत्राबद्दल आभार. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी वांगणीचा बोहाडा. फागूला यायला जमणार नाही. मी नेते म्हटलं.

१८ एप्रिल, शनिवार

पहाटेची एसटी. मोखाड्याला मुकेश चढला. त्र्यंबकपर्यंत दोघांना काहीतरी सांगावं म्हणून जीव नुसता कासावीस. सुरुवात अशी करा, समारोप तसा करा, सगळं ओठांपर्यंत आलेलं. खिडकीच्या गजाला धरून बसले.

केंद्राच्या फाटकाबाहेर चाळीस मिनिटं उभी. अशी मोकळ्या हातांनी मी कधी उभी राहिलेली नाही.

प्रगती आधी बाहेर आली. काय लिहिलंस म्हणून विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पहिल्या वाक्यातच विचारलं.

"तेच, मॅडम. डिसेंबरवालं. शेल्याचं."

"आणि मी शिकवलं ते?"

"ते पण वापरलं," ती म्हणाली. "पूर्णविराम दिले सगळीकडं."

हसावं की रडावं. चार महिन्यांच्या शिकवणीतले पूर्णविराम तेवढे कामी आले. मुकेशने स्वतःच्या मामाचं लिहिलं, जो एसटी डेपोत चाकं बदलतो. त्याला मामा आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

१४ मे, गुरुवार

निकाल. प्रगतीची निवड झाली. मुकेशची नाही, तीन गुणांनी. त्याचा फोन आला तेव्हा मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होते, तर तोच म्हणाला, "मॅडम, सीयूईटीला अजून आठ दिवस आहेत, डावा रकाना घ्या ना." उद्या बोलावलंय. त्याचं जे गेलं त्यातलं माझ्यामुळे किती गेलं, हे मी काढू शकत नाही. काहीतरी गेलंच.

प्रगतीने आनंद वगैरे काही दाखवला नाही. फक्त सरावाची वही मागितली. मुलांच्या जुन्या वह्या माझ्या कपाटात असतात. म्हणाली, ते डिसेंबरचं पान हवंय, बाबांना वाचून दाखवायचंय आमच्या भाषेत. मी वही दिली. त्या पानावर काय आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

१९ मे, मंगळवार

सकाळी फागू दारात. पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन. उंबऱ्यावरच बसला, आत येईना.

"पोरीनं वाचून दावलं, म्याडम. माझं नाव पन हाय त्यात. येवढ्या वर्सांत कुनी इचारलं बी नवतं का शेला कोन धरतो."

मी म्हटलं, तिने छान लिहिलंय.

"भिताडाला लावलंय. पाड्यातली येऊन बघून जातात." मग जरा लाजून म्हणाला, "तुमची सही बी पायली. लाल शाईची. येवढी मोठी सही, खाली दोन रेघा. मी प्रगतीला इचारलं, ह्ये काय? ती म्हंगाली, म्याडमनी सही केली, पसंत पडलं म्हून."

मी द्रोणातली करवंदं निवडू लागले. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं, सगळी पिकलेली होती. त्या पाड्यात वाचता येणारी दहा-बारा पोरं तरी असतील. त्यांनी माझा तो शेरा वाचलाच असणार. कुणी त्याला सांगितलेलं नाही.

"तुमचीच ना ती सही?" फागूने विचारलं.

आत जाऊन पाणी आणावं, चहा टाकावा, विषय बदलावा, सगळं मनात आलं. ते सगळं विषयाला सोडून होतं.

"हो," मी म्हटलं. "माझीच आहे."